ऐकून घेणे हाही कामाचाच भाग

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या १४९ व्या कलमात अशी तरतूद आहे की, वारसाने, वाटणीने, खरेदीने, बक्षिसाने वा अन्य कोणत्याही मार्गाने ज्याला जमिनीत हक्क प्राप्त झाला असेल त्याने ती हकीकत तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास तोंडी अथवा लेखी कळवावी, आणि तलाठ्याने तिची लेखी पोच तत्काळ द्यावी. कायद्याच्या रूक्ष भाषेत लिहिलेल्या या तरतुदीत फार मोठी अपेक्षा सामावलेली आहे. ज्याला लिहिता येत नाही असा खातेदार चावडीवर येईल, आपल्या बोलीत आणि आपल्या क्रमाने, कदाचित दुःखाने, कदाचित भावावरच्या रागाच्या भरात, घडले ते सांगेल, आणि समोर बसलेला अंमलदार त्या बोलण्यातून मृत्यूची तारीख, वारसांची नावे, गट क्रमांक आणि वादाचे मूळ नेमके वेचून दफ्तरात उतरवील, असे संहिताकारांनी गृहीत धरले होते. म्हणजे ऐकून घेता येणे ही तलाठ्याच्या पदाची एक अर्हताच कायद्याने मानली होती. मात्र ती अर्हता त्याच्या अंगी आहे की नाही हे पाहण्याची कोणतीही तजवीज आपण आजवर केलेली नाही.

ही उणीव केवळ महसूल खात्याची नाही. नोकरीपेशातील गुणवत्तेचा विचार करताना तिचे दोन कप्पे पाडण्याची रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. एका कप्प्यात कायद्याचे, हिशेबाचे, यंत्राचे वा औषधोपचाराचे ज्ञान; त्यासाठी परीक्षा, पदव्या आणि बढत्या. दुसऱ्या कप्प्यात माणसांशी वागण्याची हातोटी: सहकाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकणे, मतभेद न दुखावता मांडणे, हाताखालच्या माणसाला निर्भयपणे बोलू देणे, वरिष्ठाला अप्रिय असलेली गोष्ट वेळेवर आणि स्पष्टपणे सांगणे. या दुसऱ्या कप्प्याविषयी मात्र 'स्वभाव असतो एकेकाचा' एवढे बोलून आपण मोकळे होतो, आणि तो अंगी असला तर उत्तम, नसला तरी काम अडत नाही, अशी मनाची समजूत घालतो. माझे म्हणणे असे की, काम अडते. आणि ज्या ठिकाणी ते एकाहून अधिक माणसांच्या हातून पार पडायचे असते तिथे, एकाच्या डोक्यातील ज्ञान दुसऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत ते नसल्यातच जमा असल्यामुळे, ते पोहोचवण्याची ही हातोटी मूळ कामापासून वेगळी काढताच येत नाही.

आपल्या पूर्वसूरींना हे ठाऊक नव्हते असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या राजनीतिपर ग्रंथात, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयीचे प्रकरण या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांस हात लावू नये. एखादे झाड अगदीच जीर्ण झालेले असेल तर धन्याला राजी करावे, मोल द्यावे आणि त्याच्या संतोषाने ते न्यावे, बलात्कार सर्वथा करू नये, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. राज्याला लाकडाची निकड असताना, हाती सत्ता असताना, समोरच्या कुणब्याला राजी करणे हे कारभाऱ्याचे कर्तव्य म्हणून लेखी सांगितले जाते, याचा अर्थ राजी करण्याची कला ही त्या कारभाराची अंगभूत बाब समजली जात होती. दयाबुद्धी त्यामागे होतीच. परंतु जुलमाने आणलेल्या लाकडापेक्षा रयतेचा भरवसा राज्याला अधिक काळ पुरतो, हा व्यवहारही त्यामागे होता.

आधुनिक काळात हीच गोष्ट जगाला भीषण किंमत मोजून शिकावी लागली. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरिफेच्या लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. बाँबस्फोटामुळे लास पाल्मासहून वळवलेल्या विमानांची गर्दी, झपाट्याने उतरलेले धुके, एकाच वेळी दिलेल्या संदेशांमुळे रेडिओवर झालेला अडथळा, ही कारणे होतीच. पण त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते. केएलएम कंपनीच्या विमानाचा कप्तान हा त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ, इतर वैमानिकांना शिक्षण देणारा गृहस्थ होता. नियंत्रण मनोऱ्याची उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना त्याने विमान धावपट्टीवर सोडले. रेडिओवरील बोलणे लक्षपूर्वक ऐकणाऱ्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे पॅन अ‍ॅमचे विमान धावपट्टीवरून अद्याप बाजूला झालेले नाही की काय, अशी शंका विचारली. कप्तानाने तिचे ठामपणे निरसन केले. इंजिनिअरने ती शंका पुन्हा विचारली नाही, आणि काही क्षणांतच दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. खरी माहिती त्या कक्षातच, कप्तानाच्या पाठीमागे दोन हातांवर, उपलब्ध होती. ती हक्काने सांगण्याची आणि अहंकार बाजूला ठेवून ऐकण्याची सवय तेवढी तिथे नव्हती.

पुढल्याच वर्षी, डिसेंबर १९७८ मध्ये, अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड कंपनीचे एक विमान, त्याचा चालकवर्ग चाकांच्या बिघाडात गुंतलेला असताना, इंधन संपून कोसळले आणि दहा जण दगावले. इंधन कमी होत आहे ही गोष्ट सांगितली गेली होती, पण कप्तानाच्या मनावर ठसेल अशा रीतीने ती कोणी सांगितली नाही. अशा अपघातांचा अभ्यास करून १९७९ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने या प्रश्नावर परिषद भरवली, आणि १९८१ पासून युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांना एकमेकांशी बोलण्याचे आणि एकमेकांचे ऐकण्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला. त्या शिक्षणाचे फळ जुलै १९८९ मध्ये सू सिटी येथे दिसले. विमानाची सारी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेली असताना कप्तान अल् हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाची मदत घेतली, सर्वांना सूचना करू दिल्या, आणि २९६ पैकी १८४ जणांचे प्राण वाचले. हेन्स यांनी या यशाचे श्रेय पुढे सातत्याने त्या शिक्षणाला आणि सहकाऱ्यांना दिले. विमान चालवण्याचे कसब तेनेरिफेच्या कप्तानापाशी रतिभरही कमी नव्हते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शस्त्रक्रियागृहातील अनुभवही याच दिशेचा आहे. विदर्भातील उटी या गावाशी ज्यांच्या घराण्याचे नाते आहे ते अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ बाबींची एक यादी सिद्ध केली. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळी थांबून ती पडताळायची असते. तीत रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविकांची वेळ या अपेक्षित गोष्टी आहेतच. परंतु छेद घेण्यापूर्वी तेथील प्रत्येकाने आपले नाव आणि आपले काम सांगून ओळख करून द्यावी, अशीही एक बाब तीत आहे. ज्या परिचारिकेने आरंभी सर्वांसमक्ष आपले नाव उच्चारले, ती पुढे काही चुकते आहे असे दिसताच बोलण्यास कचरत नाही, हे त्यामागील तत्त्व. दिल्ली, लंडन, मनिला, टोरांटोपासून टांझानियातील इफाकारापर्यंत आठ शहरांतील रुग्णालयांत ही पद्धत अवलंबिल्यावर मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले.

या कथेचा उत्तरार्ध मात्र तितकाच बोधप्रद आहे. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ही यादी सक्तीची झाल्यानंतर तेथील १०१ रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. यादी तीच, बाबी त्याच. मग फरक कशाने पडला असावा? अनेक जाणकारांचे मत असे, आणि ते मला पटते, की जिथे माणसे थांबून खरोखर बोलली तिथे यादी फळली आणि जिथे ती केवळ हुकूम म्हणून चौकटींत खुणा करून पार पाडली गेली तिथे ती कागदावरच राहिली. संवाद हा फर्मानाने निर्माण होत नाही. त्याची सवय लावावी लागते, त्याचा सराव करून घ्यावा लागतो आणि ज्येष्ठांनी तो स्वतःच्या वर्तनाने प्रस्थापित करावा लागतो.

हा बोध घेऊन आपण आपल्या कचेऱ्यांकडे वळलो की आपले नेमके काय चुकते ते उघड होते. महाराष्ट्राने कायदे करण्यात हयगय केलेली नाही. बदल्यांचे विनियमन आणि दफ्तर दिरंगाईस प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम सांगतो की कोणतीही नस्ती कर्मचाऱ्यापाशी सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये. त्याच कायद्याने प्रत्येक कार्यालयास नागरिकांची सनद प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने मुदतीत सेवा न देणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्तीची तरतूद केली आणि 'आपली सेवा आमचे कर्तव्य' हे ब्रीद दिले. सनदा भिंतींवर लागल्या, मुदती ठरल्या, अर्ज संगणकावर आले. या सुधारणांचे मोल मी यत्किंचितही कमी लेखत नाही. परंतु मुदतीत 'त्रुटी' असा शेरा मारून अर्ज परत केला तर मुदतही पाळली जाते, कायदाही पाळला जातो, आणि अर्जदार मात्र होता तिथेच राहतो.

वारसनोंदीचेच उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रातील असंख्य शेतकरी कुटुंबांचा शासनाशी येणारा सर्वांत निकडीचा संबंध हाच असतो. नवरा वारलेली एखादी बाई मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ चा उतारा आणि वारसांचे शपथपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून येते आणि विचारते, "भाऊसाहेब, आमचं नाव कधी लागणार?" एक कारकून कागद चाळून सांगतो, "कागद अपुरे आहेत, पुढल्या आठवड्यात या." तो खोटे बोलत नाही, लाच मागत नाही, कदाचित नियमही बिनचूक जाणतो. दुसरा कारकून तेच कागद पाहतो आणि विचारतो, "मावशी, मुलं किती? मुलगी आहे ना? लग्न झालं तरी ती वारस आहे, तिचं नाव शपथपत्रात नाही. आणि सासूबाई हयात आहेत का?" मग तो एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत काय आणायचे ते लिहून देतो आणि, "ही चिठ्ठी शपथपत्र करणाऱ्याला दाखवा, एवढं आणलंत की पुन्हा खेप पडणार नाही," असे सांगतो. दुसऱ्याची ती तीन मिनिटे केवळ सौजन्याची नव्हेत. मुलीचे नाव गाळून फेरफार पुढे गेला असता तर उद्या तिने हरकत घेतली असती, नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत गेली असती, मंडळ अधिकाऱ्यापुढे सुनावणी, त्यावर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, आणि भावाबहिणींत कायमचे वैर, अशी परंपरा सुरू झाली असती. त्या दोन प्रश्नांनी शासनाचे कित्येक तास आणि एका घराची शांती वाचवली. वारसाहक्काचा कायदा दोघांनाही पाठ होता. तो समोरच्या बाईच्या संसारात कुठे लागू पडतो हे एकट्या दुसऱ्यालाच समजले, कारण त्याने विचारले आणि ऐकले.

कचेरीच्या आत, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यामधील व्यवहारही याहून वेगळा नसतो. बैठकीत साहेब प्रथम आपले मत सांगतात, मग उतरत्या क्रमाने सर्वांची संमती होते, आणि ज्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने गावोगाव हिंडून वस्तुस्थिती पाहिलेली असते तो सर्वांत शेवटी, विचारले तरच, 'होय साहेब' म्हणतो. योजना फसल्यानंतर चौकशी होते आणि असे आढळते की अडचण अनेकांना आधीपासून ठाऊक होती. त्या वेळी आपण कनिष्ठाच्या भित्रेपणाला दोष देतो. परंतु भिण्याचे शिक्षण त्याला कोणी दिले हा प्रश्न आपण विचारत नाही. अप्रिय वार्ता आणणाऱ्याला एकदा सर्वांदेखत फटकारले की त्या कचेरीत पुढली कित्येक वर्षे अप्रिय वार्ता पोहोचत नाही, आणि साहेब मात्र सर्व काही सुरळीत असल्याच्या भ्रमात निवृत्त होतात.

या प्रतिपादनावर काही आक्षेप घेतले जातील, आणि त्यांतील दोन गंभीर आहेत. पहिला असा की, गोड बोलणे हे पुष्कळदा आळसाचे आणि भ्रष्टाचाराचेही पांघरूण असते. 'बसा, चहा घ्या' म्हणणारा अधिकारी अर्ज पुढे सरकवीलच असे नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच गोडवा आणि संवादकौशल्य या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. 'हे काम नियमात बसत नाही, आणि ते या कारणाने बसत नाही' असे शांतपणे, पहिल्याच दिवशी, समजेल अशा मराठीत सांगणे हा उत्तम संवाद होय. वर्षभर आशेवर ठेवणारी मिठ्ठास वाणी हा त्याचा द्रोह होय. एकेका सज्जात अनेक गावे, रिक्त जागा आणि निवडणुकीपासून पंचनाम्यांपर्यंतची कामे अंगावर असताना कर्मचाऱ्याने आणखी बोलायचे केव्हा, असेही म्हटले जाईल. रिक्त पदे भरलीच पाहिजेत. पण एकदाच नीट न सांगितल्यामुळे पुनःपुन्हा येणाऱ्या अर्जदारांची गर्दी हाही त्या ओझ्याचाच एक मोठा भाग आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. पुण्या-मुंबईच्या खासगी कंपन्यांत 'कम्युनिकेशन स्किल' या नावाखाली उमेदवाराची जी पारख होते ती पुष्कळदा सफाईदार इंग्रजी बोलण्याची, पेहरावाची आणि शहरी रीतिरिवाजांची असते. लातूरच्या किंवा गोंदियाच्या महाविद्यालयातून आलेला, आपला विषय उत्तम जाणणारा मुलगा गटचर्चेत इंग्रजी शब्दाला अडखळतो आणि 'संवादकौशल्य नाही' असा शिक्का घेऊन परततो. हा अन्याय आहे, आणि ज्या गुणाची मी तरफदारी करीत आहे त्याच्या नावाने तो होतो म्हणून त्याचा निषेध करणे मला आवश्यक वाटते. ज्या मुलाने बचत गटाच्या हिशेबात आईला मदत केली, पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोन शेजाऱ्यांना समजावले, वसतिगृहात आठ जणांच्या खोलीत चार वर्षे काढली, त्याच्यापाशी माणसांसह काम करण्याचे शिक्षण पुष्कळ असते; ते ओळखण्याची दृष्टी निवड करणाऱ्यांपाशी नसते. भाषा शिकवता येते, आणि ती कंपनीने नोकरीत घेतल्यावर अवश्य शिकवावी. मात्र तिच्या अभावावरून माणसाची पारख करू नये.

मग करावे काय? माझ्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांतील एकीलाही मोठा खर्च लागत नाही. पहिली, परत केलेल्या प्रत्येक अर्जासोबत सर्व उणिवा एकाच वेळी, सोप्या मराठीत, यादीने लिहून देणे बंधनकारक करावे, आणि पहिल्या यादीत नसलेली उणीव दुसऱ्या खेपेस काढण्यास लेखी कारण द्यावे लागावे. दुसरी, पुण्याच्या 'यशदा'सारख्या संस्थांत आणि प्रत्येक जिल्ह्याच्या पायाभूत प्रशिक्षणात या विषयावर व्याख्याने देऊन न थांबता, प्रत्यक्ष सराव करून घ्यावा: प्रशिक्षणार्थ्यासमोर चिडलेला अर्जदार, घाबरलेली विधवा, चुकीचा हुकूम देणारा वरिष्ठ अशा भूमिका उभ्या कराव्यात, आणि तो काय बोलला, काय ऐकावयाचे त्याने सोडून दिले, हे त्याला दाखवून द्यावे, वैमानिकांचे शिक्षण याच पद्धतीने होते. तिसरी, बैठकीत सर्वांत कनिष्ठाने प्रथम बोलावे असा शिरस्ता कार्यालयप्रमुखांनी पाडावा. आणि चौथी, अधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याच्या वरिष्ठाच्या अभिप्रायाबरोबर हाताखालच्या कर्मचाऱ्यांचा आणि अर्जदारांचाही अभिप्राय, नावे गुप्त ठेवून, विचारात घेतला जावा. कारण माणसाचे वागणे वरच्याशी कसे आहे यापेक्षा खालच्याशी कसे आहे यातून त्याच्या योग्यतेचा अधिक खरा अंदाज येतो.

या सूचना शासनापुरत्या नाहीत. कारखान्यातील पर्यवेक्षक, बँकेचा शाखाधिकारी, शाळेचा मुख्याध्यापक, रुग्णालयातील विभागप्रमुख या सर्वांना त्या लागू आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणालाही त्या अमलात आणण्यासाठी मंत्रालयातून येणाऱ्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. ज्ञान आणि प्रामाणिकपणा यांना पर्याय नाही, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण हे दोन्ही गुण असूनही ज्याच्याजवळ जाण्यास सहकारी भितात आणि ज्याच्या टेबलापासून सामान्य माणूस गोंधळून परततो, त्याचे काम पुरे झाले असे आपण यापुढे मानता कामा नये. बढती देताना, नेमणूक करताना आणि गौरव करताना ही कसोटी लावण्याचे धैर्य ज्या संस्था दाखवतील त्यांच्याच कारभारावर लोकांचा भरवसा बसेल.